जेवणापुरते सदस्य

राष्ट्राची खरी नाडी तिजोरीत नव्हे, तर सामान्य माणसाच्या स्वयंपाकघरात लागते, हे वाक्य कुटुंबखर्च पाहणीच्या अहवालात दर दहा वर्षांनी पहिल्या पानावर छापलं जातं. ज्या संचालकांनी ते मुळात लिहिलं, ते दुपारी कॅन्टीनमध्ये जेवत आणि बिल खात्याकडे पाठवत.

पाहणी मात्र खरी असायची. चिठ्ठ्या टाकून काही हजार घरं निवडलेली. प्रत्येक घराला शिक्क्याची, पानांवर आकडे छापलेली एक नोंदवही मिळायची. महिनाभर घरात जे जे आलं, ते त्याच दिवशी शाईनं तिच्यात लिहायचं. दहा वर्षांनी पुन्हा त्याच घरांत जायचं आणि देश किती पुढे गेला ते काढायचं. जी घरं दरम्यान उठून गेली, त्यांच्या जागी शेजारचं घर घ्यायचं. शेजारचंही गेलं असेल तर पलीकडचं. देश पुढे जाण्यात त्यामुळे खंड पडत नसे.

फिटरचं घर जागेवर होतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. फिटर तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या साहेबलोकांना त्यानं आयुष्यभर वर पोचवलं होतं आणि स्वतः रोज चौपन्न पायऱ्या चढला होता. आता त्या पायऱ्या तो आठवड्यातून एकदाच चढत असे, डायलिसिसहून परतताना, दर सात पायऱ्यांना बसत.

सर्व्हेवाला दारात आला तेव्हा त्यालाही दम लागला होता.

"दहा वर्षांपूर्वी तुम्ही सडपातळ होतात," फिटर पलंगावरून म्हणाला.

"तुम्ही नव्हतात."

"म्हणजे अदलाबदल झाली. ही नोंद कुठल्या रकान्यात घेता?"

फिटरची बायको शर्टांना काजं-बटणं करत बसली होती. शंभर शर्टांमागे पैसे मिळत. एक गठ्ठा झालेला, एक व्हायचा, आणि दोन्हींच्या मध्ये माणसाला बसण्यापुरती जागा. तिनं होणारा गठ्ठा सरकवून सर्व्हेवाल्याला जागा केली. तिची मुलगी, वय अठरा, सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी एका चपलांच्या दुकानात कामाला, चहा टाकायला उठली.

सर्व्हेवाल्यानं दहा वर्षांपूर्वीचा तक्ता काढला. तेव्हा घरात चौघं होते; चौथी फिटरची आई. महिन्याचा एकूण खर्च एक्कावन्नशे. त्यातले एकोणतीसशे खाण्यावर. करमणूक एकशेचाळीस. औषधपाणी साठ, तेही म्हातारीच्या डोळ्यांत घालायचे थेंब.

"करमणूक एकशेचाळीस?" मुलगी डोकावून म्हणाली. "कोणाची?"

"तुझीच. सिनेमाला नेलं होतं, तू मध्यंतरापर्यंत झोपलीस आणि नंतर रडलीस," फिटर म्हणाला.

मग गेल्या महिन्याचा हिशेब झाला. खाणं तेहेतीसशे. भाडं सव्वीसशे. फोन सहाशे, दहा वर्षांपूर्वी हा रकानाच नव्हता. वीज-गॅस नऊशे. किरकोळ सातशे. करमणूक, रेघ. औषधपाणी एक्केचाळीसशे. एकूण बारा हजार दोनशे.

खात्याची मार्गदर्शक पुस्तिका सांगत होती की एकूण खर्चात खाण्याचा वाटा जितका कमी, तितकं घर सुखी. फिटरच्या घरात हा वाटा दहा वर्षांत सत्तावन्न टक्क्यांवरून सत्तावीसवर आला होता. पुस्तिकेच्या हिशेबानं इतक्या झपाट्यानं सुखी झालेलं घर सर्व्हेवाल्याच्या यादीत दुसरं नव्हतं.

"भाऊ, एक विचारू?" फिटरची बायको म्हणाली. "त्या उपचाराच्या कार्डाचं काय?"

कार्डाचं असं होतं. ते असलं की सरकारी दवाखान्यात आठवड्याला दोन डायलिसिस फुकट. फिटरला डॉक्टरांनी दोनच सांगितले होते. परवडत होता एक. एकावर किती दिवस चालेल असं विचारल्यावर डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं होतं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली होती. फिटरच्या फंडाचे पैसे आणखी चार महिने पुरणार होते. पाहणीत निवडलेल्या घराला कार्डासाठी वेगळा अर्ज लागत नसे. नोंदवहीत माणशी खर्च अडीच हजारांपर्यंत दिसला की कार्ड आपोआप निघे.

सर्व्हेवाल्यानं बारा हजार दोनशेला तिनानं भागलं. "चार हजार सहासष्ट. तुम्ही रेषेच्या फार वर आहात, वहिनी."

"अहो, पण वर गेलो ते औषधांनीच ना!"

"खर्च तो खर्च. तो कशावर केला याच्याशी रेषेला देणंघेणं नाही."

"म्हणजे यांचं औषध बंद केलं तर औषधाचं कार्ड मिळेल?"

सर्व्हेवाल्यानं मनात हिशेब केला. आठ हजार शंभर भागिले तीन. "नाही. तरी दोनशे वर."

"तर काय," फिटर म्हणाला. "मी गेलो तरी तुम्ही श्रीमंतच."

"तुम्ही गप्प बसा हो. भाऊ, थोडं कमी लिहा ना."

"वहिनी, बावीस वर्षांत मी एक आकडा खोटा लिहिलेला नाही."

"मग आता एक लिहा. बावीस वर्षांत एक म्हणजे काहीच नाही."

सर्व्हेवाला हसला नाही. दहातल्या एका घरी निरीक्षक न सांगता येत, आणि त्याच्या पेन्शनला दोन वर्षं होती. पण हे कारण त्यानं सांगितलं नाही. स्वतःलाही तो ते सांगत नसे. तो स्वतःला प्रामाणिक म्हणवत असे, आणि बावीस वर्षांत दोन्हींत फरक करायची वेळ आली नव्हती.

"मला लिहिता येणार नाही," तो म्हणाला. "वाचता येईल." त्यानं पुस्तिका उघडली आणि छताकडे तोंड करून, शाळेत प्रार्थना म्हणावी तसं वाचलं. "नियम चौदा. महिन्यातले सोळा किंवा अधिक दिवस ज्या व्यक्तीचं जेवण त्या घरात शिजतं, ती त्या कुटुंबाची जेवणापुरती सदस्य समजावी. ती झोपते कुठे, हे विचारू नये. तिचा बाहेरचा खर्च धरू नये. माणशी सरासरी काढताना तिला मोजावं."

मुलीनं गॅस बारीक केला.

"पुन्हा वाचा," फिटरची बायको म्हणाली.

त्यानं पुन्हा वाचला. तो पुढेही वाचणार होता. पण खालून कोणीतरी हॉर्नवर हात ठेवला. सर्व्हेवाल्यानं स्कूटर फाटकात आडवी लावली होती. तो पुस्तिका मिटून, पुढच्या महिनाभराची कोरी नोंदवही पलंगावर ठेवून, चहा अर्धा टाकून, घाईनं खाली गेला. पंधरावा नियम त्याच पानावर, खाली होता.

त्या संध्याकाळी फिटरच्या बायकोनं शर्टांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला. भाडं माणसं वाढली म्हणून वाढत नाही. औषधही नाही. वाढेल फक्त खाणं. आणखी तीन माणसं जेवायला आली आणि ती नेमस्त जेवली, तर सतराशे वाढतील. गॅस शंभरानं वाढेल. चौदा हजार भागिले सहा. तेवीसशे तेहेतीस.

सतराशे म्हणजे फंडाचा जवळजवळ अर्धा महिना. म्हणजे दोन डायलिसिस आणि वर थोडे. तिनं तो आकडा पुठ्ठ्यावर लिहिला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि पुठ्ठा उलटा ठेवला.

"कमी जेवणारी माणसं पाहिजेत," ती म्हणाली.

"लोक मुलीसाठी स्थळं बघतात," मुलगी म्हणाली. "आमच्या घरी अर्धी वाटी खाणारी माणसं बघतात."

"तुझा मामा चालेल?"

"मामा आला तर रेषा काय, रेल्वे ओलांडेल. गेल्या वेळी पातेलं पुसून घेतलं त्यानं. वर म्हणाला, हल्ली भूकच नाही."

शेवटी निवड झाली ती अशी. पहिली, फिटरची आत्या. मागच्या गल्लीत एका खोलीत एकटी राहायची. दात एकही नाही. दुसरा, इमारतीचा वॉचमन. रात्रभर जागा असल्यामुळे दिवसा त्याला जेवणापेक्षा झोप प्यारी होती. तिसरे, पहिल्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. बायको गेल्यापासून ते पाव आणि दूध यांवर जगत होते आणि पोटात अल्सर होता. तिखट नाही, आंबट नाही, तेलकट नाही. असा माणूस शोधूनही सापडला नसता.

कार्डासाठी बोलावलंय हे तिघांनाही स्पष्ट सांगितलं. फक्त तुम्ही कमी खाता म्हणून बोलावलंय, हे सांगितलं नाही.

"म्हणजे मी जेवले की याचं औषध फुकट?" आत्या म्हणाली. "अगं, आधी नाही का सांगायचं! इतकी वर्षं उगाच उपाशी राहिले."

पहिल्याच दिवशी मास्तरांनी नोंदवही मागून घेतली. फिटरच्या बायकोचं अक्षर त्यांना पाहवेना. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना अक्षरं वळवायला शिकवलं होतं. "बटाटे एक किलो, हे असं लिहितात का? बटाटा दिसला पाहिजे," ते म्हणाले. तेव्हापासून जेवणानंतर हात धुऊन, चष्मा पुसून, मास्तर काळ्या शाईनं दिवसाचा खर्च लिहीत. मथळ्याखाली दुहेरी रेघ, तीही पट्टी न लावता सरळ.

पंधराव्या दिवशी सर्व्हेवाला मधली तपासणी करायला आला, तेव्हा सहाही जण जेवत होते. शर्टांचे गठ्ठे पलंगाखाली गेले होते. आत्या फिटरला लहानपणी तो कसा विहिरीत वाकून स्वतःच्याच पडछायेला शिव्या देत होता ते सांगत होती. वॉचमन भातावर डाळ घेता घेता पेंगत होता.

"उठवा त्याला, उठवा," आत्या म्हणाली. "झोपेतलं जेवण धरतात का हो?"

"शिजलं म्हणजे धरतात," सर्व्हेवाला म्हणाला.

त्यानं वही पाहिली. अशी वही त्यानं बावीस वर्षांत पाहिली नव्हती. आकडे हिशेबाप्रमाणे चालले होते, किंबहुना हिशेबाहूनही थोडे खाली. भाजीवाला संध्याकाळी उरलेलं स्वस्तात देत होता. हिशेबात न धरलेली एकच गोष्ट घडली होती. फिटर जेवायला लागला होता. महिनोन्‌महिने दोन घास चिवडून ताट सरकवणारा माणूस, आत्याशी भांडत अर्धं ताट संपवत होता. डॉक्टरांनी जे बंद केलं होतं त्याकडे हात जाई, तेव्हा मुलगी चमचा मारत असे.

फिटरची बायको दारापर्यंत आली. "बसेल ना, भाऊ?"

"चौदा हजारांच्या आत राहिलात तर बिनघोर."

त्या महिन्यात ती घरात गुणगुणत होती म्हणे. मुलीनं तिला टोकलं, तेव्हा म्हणाली, सुई ओवताना तोंडातून आपोआप येतं.

तिसाव्या दिवशी दुपारी सर्व्हेवाला वही न्यायला आला. जिन्यातच त्याला कुकरची शिट्टी ऐकू आली. तिसऱ्या मजल्यापर्यंत ती आणखी दोनदा झाली.

शेगडीवर नवाकोरा कुकर होता. पाच लिटरचा, कडेला अजून स्टिकरचा अर्धा तुकडा चिकटलेला. भोवती सगळे नटल्यासारखे बसले होते. वॉचमन जागा होता.

"हा कधीचा?" सर्व्हेवाल्यानं विचारलं.

"आजचाच!" मास्तर म्हणाले. "सकाळीच आणला. आम्ही तिघांनी मिळून. महिनाभर फुकट जेवलो, लाज नको का वाटायला? पातेल्यात सहा जणांचा भात शिजवताना बाईंचे हाल बघवत नव्हते."

"मी तर म्हटलं पैसे देऊ," आत्या म्हणाली. "पण ही घ्यायची नाही. मग कुकर. कुकर काय परत करतेय!"

सर्व्हेवाला बसला. त्यानं वही उघडली. तिसावं पान. काळ्या शाईत, पूर्ण महिन्यातल्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं होतं: भेट मिळाली, कुकर एक, पाच लिटर, किंमत सूट वजा जाता एक हजार सहासष्ट, सप्रेम. खाली दुहेरी रेघ. समासात कुकरचं छोटं चित्र, झाकणावरच्या उजेडासकट.

पुस्तिका काढायची गरज नव्हती, तरी त्यानं काढली. आणि त्या दिवशी जिथं थांबला होता तिथून पुढे वाचलं. या वेळी छताकडे न बघता.

"नियम पंधरा. भेट मिळालेली वस्तू बाजारभावानं त्या महिन्याच्या खर्चात धरावी."

फिटरची बायको हिशेबात सगळ्यांच्या पुढे होती. तिनं शेगडी बंद केली.

"किती होतात?"

"पंधरा हजार सहासष्ट." त्यानं तरी भागाकार केला, कागदावर, दोनदा. "माणशी दोन हजार पाचशे अकरा."

"अकरानं?" मुलगी म्हणाली.

"अकरानं."

"परत करते मी," फिटरची बायको म्हणाली. "आत्ता जाते. पावती द्या, मास्तर."

मास्तरांनी पावती काढली. पावतीवर खाली छापलं होतं, वापरलेला माल परत घेतला जाणार नाही. आत शिट्ट्या झालेला भात होता. पहिला भात यातच कर असा हट्ट फिटरनं धरला होता. आयुष्यभर यंत्रं चालू करून बघण्याची सवय.

"वर्षावर विभागता नाही का येत?" मास्तरांनी विचारलं. "वस्तू टिकाऊ आहे. चांगली वीस वर्षं जाईल."

"येतं. नियम सोळा. दोन हजारांवरची वस्तू बारा महिन्यांत विभागतात. दोन हजारांच्या आतली त्याच महिन्यात धरतात."

"दुकानात बावीसशेचा होता," वॉचमन म्हणाला. महिनाभरात तो स्वतःहून बोललेलं हे पहिलंच वाक्य. "चांगला जाड बुडाचा. आमच्याकडे तेवढे नव्हते."

कुकरचं झाकण मधूनच फुसफुसत होतं.

फिटरच्या बायकोनं चहा केला. कप काठोकाठ भरला आणि उघड्या वहीच्या शेजारी, अगदी तिसाव्या पानाला लागून ठेवला.

"चहा सांडतो कधी कधी, भाऊ," ती म्हणाली. "लहान घर आहे. धक्का लागतो."

सर्व्हेवाल्यानं कपाकडे पाहिलं. मग पानाकडे. पान फाडता येत नव्हतं, खोडता येत नव्हतं. पण शाई पाण्यात विरघळणारी होती, हे मास्तरांनाही ठाऊक होतं आणि त्यालाही. अपघाती नुकसान झालेल्या पानाची नोंद घरच्यांच्या सांगण्यावरून पुन्हा करता येते, असा नियम एकविसावा होता. तो त्याला पाठ होता. तो त्यानं वाचला नाही.

फिटर पलंगावरून त्याच्याकडेच पाहत होता. त्याच्या नजरेत विनंती नव्हती. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं दाराकडे बघतात, तसं काहीतरी होतं, आणि बाहेरून दार उघडणारा माणूस आजवर तो स्वतः असायचा.

सर्व्हेवाल्यानं कप दोन्ही हातांनी उचलला. चहा फार गरम होता. त्यानं तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, रिकामा कप लांब ठेवला, वही मिटली आणि पिशवीत घातली.

"येतो, वहिनी," तो म्हणाला.

"जेवून जा की," फिटर म्हणाला. "भात झालाय. एका दिवसानं सदस्य नाही होत तुम्ही."

तो जेवला नाही. जिन्यात तो दर सात पायऱ्यांना थांबत उतरला, असं वॉचमननं नंतर सांगितलं. पण वॉचमनचं बरंचसं झोपेतलं असायचं.

एकतिसाव्या दिवशी कोणी जेवायला आलं नाही. आत्याला निरोप पाठवला, तर पोट बरं नाही म्हणाली. मास्तर पुन्हा दूध-पावावर गेले. फिटरच्या बायकोनं सवयीनं सहा जणांचा भात लावला होता. तो तिघांनी दोन दिवस खाल्ला. फिटरनं त्यातलं फारसं खाल्लं नाही.

अपिलाची सोय होती. अपिलात नव्या पाहणीचे आकडे जोडावे लागत आणि नवी पाहणी दहा वर्षांनी होती.

फंड साडेतीन महिने पुरला. फिटर पाचव्या महिन्यात गेला. त्याला खाली न्यायला चार माणसं लागली आणि वळणावर पलंगाची पट्टी भिंतीला घासली. ती खूण अजून आहे. पुढच्या महिन्यात घराचं औषधपाणी शून्यावर आलं. भाडं परवडेना म्हणून मायलेकी आत्याच्या खोलीत राहायला गेल्या आणि माणशी खर्च रेषेच्या चांगलाच खाली आला. त्या महिन्यात तो कोणी मोजला नाही.

अहवाल चौदा महिन्यांनी प्रसिद्ध झाला. निवडलेल्या प्रत्येक घराला सहकार्याबद्दल आभार म्हणून एक प्रत टपालानं गेली. फिटरची प्रत जुन्या पत्त्यावर आली. वॉचमननं ती मास्तरांना दिली, मास्तरांनी ती मागच्या गल्लीत नेली, आणि आत्याला वाचता येत नसल्यामुळे मोठ्यानं वाचून दाखवली. फिटरची बायको काजं करत ऐकत होती.

दहा वर्षांत सरासरी कुटुंबाचा मासिक खर्च अडीच पटींहून अधिक झाला होता. अन्नावरील खर्चाचा वाटा घटला होता. यावरून राहणीमानातील सुधारणा स्पष्ट होते, असं म्हटलं होतं. औषधोपचारावरील खर्चात सर्वाधिक वाढ दिसत होती. जनतेत आरोग्याविषयी आलेल्या जागरूकतेचं हे फळ होतं. कौटुंबिक जिव्हाळा टिकून असल्याचं एक लक्षण म्हणून भेटवस्तूंच्या रकान्याचा खास उल्लेख होता.

"अक्षर बरं आहे," मास्तर शेवटी म्हणाले. "छपाई स्वच्छ आहे."

"संपलं?" आत्यानं विचारलं.

"एक तळटीप आहे," मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसून त्यांनी तीही वाचली. वाचकांच्या सोयीसाठी या अहवालातील सर्व आकडे जवळच्या शंभरापर्यंत पूर्ण केले होते.